डाव्या टिपरीचं वजन

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी वजनमापे कार्यालयाच्या तपासणी-खोलीतल्या टेबलावर पुढील वस्तू होत्या: वीस किलोचं लोखंडी मानक वजन, एक, आडवं पडलेलं; काचेच्या पेटीतला नाजूक तराजू, एक, बंद; लाकडी पाचर, एक, असायला हवी तिथे नसलेली; नोंदवही, एक, उघडी; बांबूच्या दांडीची टिपरी, एक, धडधाकट; आणि तशाच दुसऱ्या टिपरीची नुसती दांडी, एक. या दुसरीच्या टोकाला जे काळं गोल डोकं होतं, त्याच्या कवचाचे सतरा तुकडे झाले होते आणि आतल्या चिंध्यांचा कोथळा बाहेर आला होता. विरूनने तुकडे दोनदा मोजले. दुसऱ्यांदा अठरा भरले. पण अठरावा तुकडा त्याच्याच शर्टाचं बटण निघालं.

विरून एकोणीस वर्षं वजनमापे निरीक्षक होता. पार पूर्वेकडच्या देशातल्या, नदीकाठच्या त्याच्या गावातला मासळीबाजार त्याच्या नुसत्या चष्म्याला भिऊन असायचा. अशा माणसाच्या हातून हे का व्हावं? तर मुलीच्या प्रेमापोटी. त्याची मुलगी लिन सोळा वर्षांची. ती रनात वाजवायची. होडीसारख्या पेटीवर दोरीने टांगलेल्या एकवीस लाकडी पट्ट्या आणि दोन हातांत दोन टिपऱ्या, असं ते वाद्य. शाळेच्या शिबिराला जाताना ती सहज म्हणाली होती, "बाबा, डावी टिपरी जड लागते रे." सहज बोललेलं सहज सोडून देणं हा गुण विरूनकडे नव्हता. देव्हाऱ्याशेजारच्या उंच फळीवरून त्याने जोडी काढली, रुमालात गुंडाळली आणि कोणालाही न विचारता ऑफिसात नेली. उजवी भरली ४१.२६ ग्रॅम. डावीची पाळी येईपर्यंत ती टेबलावरून घरंगळायला लागली, म्हणून त्याने शेजारच्या आडव्या वजनाखालची पाचर काढून टिपरीखाली लावली. घरंगळणारी वस्तू थांबवायला दुसऱ्या घरंगळणाऱ्या वस्तूची पाचर काढू नये, हे कोणीही सांगेल. वजन सावकाश निघालं. टिपरीपर्यंत पोचायला त्याला चांगली चार सेकंदं लागली. त्या चार सेकंदांत विरूनने काय केलं? तो म्हणाला, "अरे, अरे."

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी लमायबाई पाहिलेल्या नाहीत.

लमायबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वजन फार तर छत्तीस किलो. विरूनने नजरेनेच काढलेलं. कालव्यापलीकडच्या त्यांच्या ओसरीवर चाळीस वर्षांत तीनशेच्या वर मुलं वादन शिकून गेली. शिष्याचे हात हातात धरून बाई त्याला दीक्षा देत आणि स्वतः बनवलेली टिपऱ्यांची जोडी त्याच्या ओंजळीत ठेवत. जोडी एकदाच मिळायची. पंधरा वर्षांपूर्वी निफोन नावाच्या पोराची टिपरी गेली. बाईंनी त्याला ओसरीवरून उठवलं, ते आजतागायत त्याच्याकडे पाहिलेलं नाही. निफोन आता फ्रीज विकतो. बाजारात बाई समोरून आल्या की तो फ्रीजच्या मागे जातो.

आणि पुढच्या आठवड्यातल्या रविवारी राजधानीत निवड-स्पर्धा होती. तिच्यातून संगीत महाविद्यालयात जागा मिळायची आणि पुढच्या वर्षी लिन वयात बसत नव्हती. पोर सहा वर्षं पहाटे साडेचारला उठत होती. बुधवारी संध्याकाळी ती शिबिरावरून परतणार, गुरुवारी बाईंकडे शिकवणी. विरूनने दिवस मोजले. सहा. तेही दोनदा मोजले.

"बाईंना जाऊन सांगा," वान्नी म्हणाली. वान्नी त्याची बायको. तिला त्याच संध्याकाळी सगळं कळलं, कारण चिंध्या कोणत्या रुमालात आणल्या हे तिने विचारलं आणि रुमाल तिचा होता.

"सांगेन की. पण आधी दुसरी टिपरी करून बघतो. सांगण्याची वेळच येणार नाही."

"तुम्ही? तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"बटणाचं मला कोणी माप दिलं नव्हतं. हिचं आहे." विरूनने धडधाकट टिपरी वर धरली. "ही आदर्श नमुना. मी हिची तंतोतंत प्रत काढणार. एक शतांश ग्रॅमचाही फरक नाही."

"बरं. मग गुरूलाही एक शतांश फरक कळणार नाही," वान्नी म्हणाली आणि भात ढवळायला गेली. हे वाक्य मान्यतेचं होतं की टोमण्याचं, ते विरूनला लग्नाच्या अठराव्या वर्षीही ओळखता येत नसे.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात पहिलं लचांड उभं राहिलं. मानक वजनाला परकी वस्तू लागली की ते पुन्हा तपासायला पाठवावं लागतं आणि त्यासाठी सात रकान्यांचा अर्ज असतो. विरूनने तो इमानदारीत भरला. साहेबांनी, म्हणजे अनंतसाहेबांनी, तो वाचून परत सरकवला.

"सहावा रकाना रिकामा आहे. परक्या वस्तूच्या मालकाची सही."

"साहेब, वस्तू माझ्या मुलीची."

"तू खाली लिहिलंयस, 'लमायबाईंनी स्वहस्ते बनवलेली'. म्हणजे मालक कोण, यावर वाद होऊ शकतो. त्यांचीच सही आण."

"साहेब, हा रकाना काढून टाकता नाही का येणार? कोणत्या मूर्खाने—"

"सहा वर्षांपूर्वी तूच घातलास," साहेब म्हणाले. "मी नको म्हणत होतो."

विरूनने अर्ज घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून तो अर्ज छातीशी असा टोचत राहिला, जणू बाईच बोट लावून उभ्या आहेत.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो कामाला लागला. फुटलेलं डोकं त्याने चिमट्याने सोललं आणि प्रत्येक थर वहीत उतरवला: बाहेर काळा चीक, खाली सुती दोरा, त्याखाली खळ लावलेलं कापड, तेवीस वेढे. त्यातले नऊ वेढे हिरव्या बारीक फुलांच्या एका विटक्या कापडाचे होते. यात काहीतरी गुपित असणार, हे विरूनने ताडलं. नादाचं सगळं मर्म त्या विणीत असणार! भिंग घेऊन तो कापडबाजार पालथा घालत फिरला. अकरा दुकानदारांनी त्याला पाहून आधी आपले मीटरचे गज लपवले. बाराव्या दुकानात थोडंफार जुळणारं कापड मिळालं. शेजारचे बुनरोदकाका कुंपणावरून बघतच होते. काका निवृत्त पोस्टमन. पत्रं वाटून झाल्यामुळे आता सल्ले वाटायचे.

"काय रे विरून, बाहुली करतोयस?"

"टिपरी करतोय, काका. सहज. छंद म्हणून."

"बांबू कुठला घेतलास?"

"दांडी जुनीच आहे. डोकं तेवढं—"

"डोकंच तर अवघड!" काका कुंपणावर पुढे झुकले. "माझा मेव्हणा वाद्यं करायचा. तो म्हणायचा, डोकं बांधताना बोलायचं नाही, शिंकायचं नाही आणि बायकोचा विचार मनात आणायचा नाही."

"तुमच्या मेव्हण्याच्या टिपऱ्या चांगल्या व्हायच्या का?"

"छे. एकही नाही. त्याला सारखी शिंक यायची."

कवचासाठी राक झाडाचा काळा चीक लागतो. तो कसा असतो ते मराठी माणसाला एका शब्दात सांगता येईल: बिब्बा. त्याच कुळातलं झाड, तसाच डाग आणि तशीच आग. मूर्तींना सोनं चढवणाऱ्या कारागिराने वाटीभर चीक देताना तीनदा बजावलं, "साहेब, अंगाला लागू देऊ नका." विरून हसला. त्याने ऑफिसचे रबरी हातमोजे आणले होते, दोन जोड. शनिवारी सकाळी मोजे चढवून, तोंडाला फडकं बांधून, शास्त्रशुद्ध पद्धतीने त्याने तेवीस वेढे घातले, दोरा गुंडाळला, चीक लावला. त्वचेला थेंबभरही लागला नाही. फक्त मधे तीन डास आले. पहिला उजव्या गालावर बसला, दुसरा कपाळावर, तिसरा डाव्या पापणीवर. विरूनने तिन्ही मारले. तिन्ही मोजे घातलेल्या हाताने.

चीक कोरड्या हवेत वाळत नाही, दमट हवेत वाळतो. हे वाचून विरूनला फार आनंद झाला, कारण अशा उलट्या गोष्टी त्याला आवडतात. घरातली सर्वांत दमट जागा न्हाणीघर. त्याने तिथे दोरी बांधली, टिपरी टांगली, पाणी शिंपडलं आणि दाराला पाटी लावली: 'प्रयोग चालू आहे. आत येऊ नये.'

"मी अंघोळ कुठे करू? कालव्यात?" वान्नीने विचारलं.

"पाच-सहा तासांचा तर प्रश्न आहे."

पहिली टिपरी भरली ३६.८० ग्रॅम, वाजवल्यावर नारळावर टिचकी मारल्यासारखी बोलली. दुसरीचं डोकं वाळताना दांडीवरून निसटून घंगाळात पडलं. तिसरी वजनाला बरोबर, पण आकाराला आंबा. चौथीत बुनरोदकाका शिंकले. पाचवी मात्र रविवारी दुपारी ४१.२६ भरली. उजवीइतकीच, शतांशाला शतांश. तराजू अर्थात ऑफिसचा होता आणि रविवारी ऑफिस बंद असतं. पण किल्ली विरूनकडे होती आणि या आठवड्यात त्याने इतके नियम मोडले होते की आणखी एकाने काही बिघडत नव्हतं. प्रामाणिक माणूस एकदा घसरला की त्याला पाचर नसते.

आता नाद तपासायचा. त्यासाठी लिनच्या रनातपुढे बसणं आलं. इथे तो पहिल्यांदा अडला. दीक्षा न घेतलेल्या माणसाने वाद्याला हात लावायचा नाही. लावायचाच तर आधी हात जोडून गुरूची क्षमा मागायची. वाद्य ओलांडायचं तर कधीच नाही. नाहीतर गुरूचा कोप होतो. जिवंत गुरूचाच नव्हे, त्याच्या गुरूचा, त्याच्याही गुरूचा, थेट स्वर्गातल्या आद्य वादकापर्यंतच्या सगळ्यांचा. विरून विज्ञान शाखेचा पदवीधर. त्याचा यावर विश्वास नव्हता. विश्वास नसल्यामुळे त्याने हात जोडले नाहीत आणि भीती वाटल्यामुळे तो तिथे दहा मिनिटं नुसता बसून राहिला. मग एकदम एक पट्टी वाजवली.

टण्ण.

आवाज खिडकीतून बाहेर गेला. कालव्यापलीकडे, बाईंच्या ओसरीवर मुलांचं वादन चालू होतं. ते थांबलं.

विरून टिपरी हवेत धरून तसाच गोठला. अंतर एकशे चाळीस मीटर. आवाजाला पोचायला ०.४ सेकंद. हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप झाला आणि त्याने जराही धीर आला नाही. दोन मिनिटांनी पलीकडचं वादन पुन्हा सुरू झालं. विरूनने खिडकी लावली, तीवर रजई टांगली, शेजारच्या खुर्चीवर दुसरी रजई टांगली आणि घामाने निथळत पुन्हा बसला.

एका फटक्याने टिपरी कळत नाही. दोन्ही हातांनी, आठ पट्ट्यांच्या अंतरावर, एकाच क्षणी वाजवावं लागतं. दोन हातांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. सहा वर्षं लिनचा हा सराव तो शेजारच्या खोलीतून ऐकत आला होता आणि 'यात काय एवढं' असं मनाशी म्हणत आला होता. आता कळलं. उजवा हात 'ट' म्हणायचा आणि डावा सावकाश 'ण्ण' म्हणत मागून यायचा, लग्नाला उशिरा पोचलेल्या काकासारखा. तासाभरात त्याच्या मनगटाला गोळा आला. दुसऱ्या तासाला पाचव्या पट्टीखालचा, सूर जुळवायला लावलेला मेण-शिशाचा गोळा टपकन पडला. तो उचलायला विरून घाईने उठला आणि एक पाय रनातच्या पलीकडे टाकून वाकला. मग तसाच, वाद्याच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून, तो थबकला.

"आत काय चाललंय?" वान्नीने दाराबाहेरून विचारलं.

"काही नाही," विरून म्हणाला. एवढ्या उंच आवाजात तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

सोमवारी सकाळी उठला तर उजवा गाल पपईएवढा झाला होता. कपाळ पुढे आलं होतं, डावा डोळा बंद होता. आरशासमोर उभ्या असलेल्या विरूनला स्वतःचा चेहरा ओळखू येईना. त्याने मागे वळून पाहिलं. चीक लागल्यापासून अठ्ठेचाळीस तासांनी सूज येते, हे त्याने वाचलं होतं. तीन डास, तीन जागा. हिशेब चोख जुळत होता. पण दुसरा हिशेबही जुळत होता. न विचारता नेलं, एक. हात न जोडता वाजवलं, दोन. ओलांडलं, तीन.

सोनक्लिनमावशी रोज सकाळी खोबऱ्याचे गोड पदार्थ विकायला दारावर यायची. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपली खाली ठेवली.

"गुरूचा कोप," ती म्हणाली. "माझ्या माहेरी एकाने नशेत ढोलावर पाय ठेवला होता. तोंड असं वाकडं झालं, ते मरेपर्यंत स्वतःच्याच कानात बोलायचा."

"मावशी, हा चीक आहे. त्वचेची प्रतिक्रिया."

"हो ना. पण चीक तुझ्याच तोंडाला का लागला?"

याला विज्ञानात उत्तर आहे. पण मावशीसमोर डासांची गोष्ट सांगायला सुरुवात केल्यावर ते फारच लंगडं वाटायला लागलं. बुनरोदकाका कुंपणावर होतेच. "रविवारी दुपारी रनात वाजत होतं," ते म्हणाले. "लिन तर शिबिराला. मी म्हटलं, कोण बरं रजई टांगून वाजवतंय?"

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण, चटपटीत. तिने चेहरा पाहताच निदान केलं, "राकचा चीक. पाच दिवसांत उतरेल. हे मलम दिवसातून तीनदा." विरूनचा जीव भांड्यात पडला. विज्ञानाचा विजय असो! तेवढ्यात तिने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "टिपरीसाठी वापरलात का? मग फुलं-उदबत्ती घेऊन बाईंकडे जाऊन या. मलम लवकर लागू पडतं."

मंगळवारी दुसरा डोळाही जवळजवळ मिटला. ऑफिसात साहेबांनी त्याला पाहिलं, खुर्ची दोन वीत मागे घेतली आणि म्हणाले, "तो सहावा रकाना. आता तर आणच."

सगळं जग बोट दाखवत होतं आणि सगळी बोटं कालव्यापलीकडे वळली होती. मंगळवारभर विरूनने बोलायचं काय, याची तालीम केली. लिनला ओसरीवरून उठवल्याचं चित्र मिटल्या डोळ्यांसमोर अधिकच स्पष्ट दिसत होतं. पोर काही बोलणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. ती नुसती टिपरी ठेवायची रिकामी फळी पुसेल. त्याचीच जास्त भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी वान्नीने ताटात फुलं, उदबत्त्या, मेणबत्त्या मांडून दिल्या. विरूनने त्यात दोन्ही टिपऱ्या, जुन्या डोक्याच्या चिंध्या आणि अर्ज ठेवला. वान्नी त्याचा हात धरून पुलावरून घेऊन गेली आणि बाईंच्या पायऱ्यांशी थांबली. "पुढचं तुमचं तुम्ही," ती म्हणाली.

ताट छातीशी धरून, एका डोळ्याच्या फटीतून पाहत विरून ओसरीवर चढला. ताटामुळे पाय दिसत नव्हते. चार पावलं टाकली. पाचव्या पावलाला ओसरीवरच्या आठही मुलांनी एकदम श्वास आत घेतला.

"थांब," लमायबाईंचा आवाज आला. "हलू नकोस. आता तू माझ्या रनातवर उभा आहेस. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. डावा उचल. हळू. आता बस."

विरून बसला नाही, गळून पडला. कपाळ जमिनीला टेकवून त्याने सगळं सांगितलं. वजन, पाचर, चार सेकंदं, किल्ली, रजई. बोलता बोलता वाक्यं घसरायला लागली. शेवटी तो नुसता "लिनची काही चूक नाही, बाई" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

"रविवारपासून ऐकतेय," बाई म्हणाल्या. "आधी वाटलं, मांजर पट्ट्यांवरून चालतंय. मग म्हटलं, मांजर इतकं चुकत नाही."

मुलं खिदळली. बाईंनी मान वळवली, मुलं थांबली.

"बाई, निफोनसारखं लिनला—"

"निफोनची टिपरी हरवली म्हणून मी त्याला उठवलं, असं कोण म्हणतं? टिपरी तो फेरीबोटीत विसरला. मला सांगितलं, माकडाने नेली. या गावात तू कधी माकड पाहिलंयस?"

"नाही."

"तू काय सांगणार होतास?"

"काहीच नाही. नवी टिपरी गुपचूप फळीवर ठेवून देणार होतो."

"म्हणजे माकडाचेही कष्ट घेणार नव्हतास." बाईंनी ताटातून चिंध्या उचलल्या. "आणि हे काय, हिरव्या फुलांचं कापड शोधत फिरलास म्हणे बाजारभर? भिंग लावून?"

"नादाचं मर्म त्यात असेल असं वाटलं, बाई."

"माझा जुना परकर आहे तो."

यावर मुलांना आवरणं बाईंनाही जमलं नाही. विरूनचा चेहरा सुजेखाली लाल झाला असावा. दिसायला मार्ग नव्हता.

मग बाईंनी नवी टिपरी हातात घेतली. तळव्यावर तोलली, पट्टीवर एकदा मारली, जुनी उजवी घेऊन पुन्हा मारली.

"काम वाईट नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही अगदी सारख्या केल्यास."

"शतांश ग्रॅमचाही फरक नाही," विरूनच्या तोंडून गेलंच.

"तेच चुकलं. डावी मी मुद्दाम जड केली होती. लिनचा डावा हात आळशी आहे. जड टिपरीने त्याला गेली दोन वर्षं जागेवर आणत होते. ती तू फोडलीस आणि ही हलकी आणलीस. दुसरी बांधायला मला वीस दिवस लागतात. स्पर्धा रविवारी."

विरूनने बोटांवर दिवस मोजले. चार.

"लिनला मी उठवत नाही. पण लंगडा हात घेऊन तिला मंचावरही पाठवणार नाही. उद्या शिकवणीला तिला ह्याच जोडीवर वाजवू दे. मोठा सराव, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. डावा हात मागे पडला की मोजायचं. पाचपर्यंत मी समजेन, माणूस आहे. सहावा पडला तर रविवारी घरी बसायचं." बाई थांबल्या. "मोजायला तू बस. वजनमापेवाला आहेस ना?"

"मी? मी तिचा बाप आहे, बाई."

"म्हणून तर."

त्यानंतर बाईंनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि वाद्यावर तीन वेळा मंगलधून वाजवून घेतली. आता दीक्षा झाली, आता निदान शास्त्राप्रमाणे चुकशील, म्हणाल्या. अर्ज मागून घेऊन सहाव्या रकान्यात त्यांनी एवढी मोठी सही केली की ती पाचव्या आणि सातव्यातही गेली.

संध्याकाळी लिन आली. बापाचं तोंड बघून आधी किंचाळली, मग सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चिडलीही नाही. नवी टिपरी हात जोडून उचलली आणि बोटांत फिरवली.

"हलकी आहे," ती हळूच म्हणाली. "बाबा, हात पळेल माझा."

"नाही पळणार," विरून म्हणाला. हे कशाच्या आधारावर, ते त्याला सांगता आलं नसतं. अंधार पडेपर्यंत ती वाजवत होती आणि तो भिंतीला टेकून ऐकत होता. डावा हात किती वेळा मागे पडला ते त्याने मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट मोजायची नव्हती.

गुरुवारी चार वाजता ओसरीवर सगळे जमले. विरूनचा उजवा डोळा निम्मा उघडला होता. त्याच्यापुढे वही, पेन्सिल. बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्यांच्या डाव्या बाजूला चिंचोक्यांची वाटी होती आणि उजवी मूठ पदराखाली; दर चुकीला एक चिंचोका त्या मुठीत जाणार होता. लिनने हात जोडले, टिपऱ्या उचलल्या.

पहिल्या दीडशे फटक्यांत एकही चूक नाही. दोन हात, एक आवाज. मग वेग वाढला आणि एकशे त्र्याहत्तराव्या फटक्याला आवाज चिरला: टण्-ण्ण. विरूनने रेघ मारली. पेन्सिलीचं टोक मोडलं. त्याने नखाने लाकूड सोलून पुढे काढलं. दोनशे सहाला दुसरा. दोनशे साठ ते दोनशे सत्तरमध्ये तिसरा आणि चौथा, लागोपाठ. लिनच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. तिची बोटं पांढरी पडली होती. तीनशे एकोणीसला पाचवा. अजून सत्तर फटके होते. साठ. चाळीस. तीनशे एकाहत्तराव्या फटक्याला काहीतरी झालं. चिरला? की कालव्यातून जाणाऱ्या होडीचं वल्हं वाजलं? वान्नी पायऱ्यांवरून त्याच्याकडेच पाहत होती. ती मान हलवत होती: नाही, नाही, नाही. पेन्सिल कागदावर टेकलेली होती. एकोणीस वर्षं तो कोळणींना सांगत आला होता, काटा जिथे थांबतो तिथेच वाचायचा, जिथे थांबावा असं वाटतं तिथे नाही.

लिन थांबली. एकूण फटके तीनशे अठ्ठ्याऐंशी.

"वाच," बाई म्हणाल्या.

विरूनने वही उघड्या डोळ्याजवळ धरली. "मागे पडलेले फटके: निश्चित, पाच. संशयित, एक. तीनशे एकाहत्तरावा." त्याने लिनकडे पाहिलं नाही.

बाईंनी पदराखालून मूठ बाहेर काढली आणि उघडली. चिंचोके पाच होते.